परक्या चिपचं फडताळ

हजेरीपुस्तकात सहाव्या ओळीवर तांबडी रेघ होती. आत्माराम नागवेकर चौथ्या ओळीत सही करायला वाकला, पेन टेकवलं आणि मग त्याला ती दिसली. पट्टी धरून मारलेली, सरळ, अजिबात घाई नसलेली रेघ. तिच्याखालचं ‘मालन भाटकर’ हे नाव अजून स्वच्छ वाचता येत होतं. रागानं खोडलं असतं तर गिरबटून टाकलं असतं. ही रेघ नाव ठेवून माणूस काढणारी होती. मागे रघू वायरमन ताटकळत उभा होता. “सर, उरका की. नऊ वाजून गेले,” तो म्हणाला. आत्मारामनं सही केली. ती नेहमीसारखीच आली आणि त्याचाच त्याला राग आला. हात कापेल, शाई सांडेल, निदान एखादं अक्षर वाकडं जाईल, असं काहीतरी व्हायला हवं होतं. काही झालं नाही. रघूनं पेन घेतलं, तांबड्या रेघेकडे एकदा बघितलं, “बिचारी” एवढंच म्हणाला आणि सही करून गेला.

कारखाना कसला, मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतली एक पत्र्याची शेड. माणसं सात, आता सहा. ऑक्टोबरच्या उन्हानं पत्रा सकाळी दहालाच तापायचा. माणसांना पंखे होते आणि थंडगार हवा होती ती फक्त मागच्या खोलीतल्या संगणकाला. पुण्याच्या एका संस्थेनं मोडीत काढलेलं ते कपाटाएवढं यंत्र मालक आप्पा शेट्ये यांनी लिलावात घेतलं होतं. राजापुरात तीन पिढ्या काजूचा व्यापार करणाऱ्या माणसानं वयाच्या साठाव्या वर्षी इलेक्ट्रॉनिक्समध्ये उडी मारली म्हणून सगळ्या राजापूरनं त्यांना वेड्यात काढलं होतं. त्यांचा भरवसा एकट्या आत्मारामवर. डिप्लोमा झालेला, पुण्यात सहा महिने युनिक्स, म्हणजे ते यंत्र चालवणारी प्रणाली, शिकून आलेला, रत्नागिरीत हे यंत्र ज्याला कळतं असा एकमेव माणूस. हे वाक्य आप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे आणि आत्माराम मान खाली घालून ते ऐकायचा. मान खाली घातली तरी कान वरच असत. आज तो त्या थंड खोलीत शिरला तेव्हा मालनची खुर्ची टेबलाखाली सरकवलेली होती. कीबोर्डवर तिनं शिवलेलं फुलाफुलांचं झाकण होतं. यंत्राच्या दर्शनी भागावर तिच्या अक्षरातली चिठ्ठी होती, ‘पायातलं बाहेर काढावे’. ती चिठ्ठी लावली तेव्हा सगळे हसले होते, पण तेव्हापासून खोलीत धूळ कमी झाली ही गोष्ट खरी.

तो खुर्चीत बसला आणि पडद्याकडे बघत राहिला. आज सगळं व्यवस्थित होतं. परवा पुण्याहून नवीन टेप आली, गेलेल्या लायब्रऱ्या परत मिळाल्या, यंत्र पुन्हा आपलं काम आपण करायला लागलं. इतकं व्यवस्थित, की घडलेलं घडलंच नाही असं एखाद्याला म्हणता आलं असतं. सहाव्या ओळीवरची रेघ तेवढी वगळायची. दाभोळच्या एका बर्फाच्या कारखान्याला तपमान मोजून कॉम्प्रेसर चालूबंद करणारी पेटी हवी होती. त्या पेटीतली चिप वेगळ्या जातीची. तिला ना डिस्क, ना पडदा, ना कीबोर्ड. आपला प्रोग्राम आपण तयार करून घेण्याची तिची ऐपत नाही. म्हणून इथल्या मोठ्या यंत्रावर बसून तिच्यासाठी तिच्या भाषेत प्रोग्राम उतरवायचा. हे काम करणारा कंपायलर अमेरिकेत कुणीतरी लिहून फुकट वाटला होता आणि टेपेवरून टेपेवर उतरत तो पुण्यापर्यंत आला होता. पण नुसता कंपायलर पुरत नाही. त्या चिपला साधा भागाकारसुद्धा येत नाही. भागाकार कसा करायचा, दशांश कसे सांभाळायचे, याचे तयार तुकडे बरोबर द्यावे लागतात. त्या तुकड्यांची जी थप्पी, ती लायब्ररी. ती घडते इथल्या यंत्रावर, राहते इथल्या डिस्कवर, पण इथल्या कुणाच्या उपयोगाची नसते. टेपेबरोबर आलेल्या कागदावर स्वच्छ लिहिलं होतं की ही लायब्ररी त्या चिपच्या नावानं वेगळी डिरेक्टरी, म्हणजे डिस्कवरचा वेगळा कप्पा, करून तिथं ठेवा. घरच्या, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या, लायब्रऱ्यांत मिसळू नका. दोन्हीकडच्या तुकड्यांची नावं तीच आहेत.

नावं तीच आहेत, हे त्यानं वाचलं होतं. एकदा नाही, दोनदा वाचलं होतं. पुढे लोकांनी, म्हणजे आप्पांनी आणि रघूनं, गृहीत धरलं की अशी गुंतागुंतीची गोष्ट कुणाच्याही नजरेतून सुटायचीच. त्यानंही ते गृहीत धरू दिलं. पण सुटली नव्हती. कुठे बसवू, असं यंत्रानं विचारलं तेव्हा त्याच्या मनात पहिल्यांदा आलं ते त्यांच्या घरातलं फडताळ. स्वयंपाकघरात भिंतीतलं, दोन दारांचं. आई, सावित्री तिचं नाव, त्याला ‘मुंबईचं फडताळ’ म्हणायची. थोरला सदूदादा परळच्या गिरणीत होता. त्याच्यासाठी म्हणून त्या फडताळात वर्षभर काही ना काही साठत जायचं. फणसाची साटं, आमसुलं, कुळथाचं पीठ, काजूगर, सुके बांगडे वर्तमानपत्रात बांधून. सगळं ह्याच घरात केलेलं. साटं वाळत घालायला आत्माराम, कावळे हाकायला आत्माराम, काजूच्या डिंकानं बोटांची सालं गेली तीही आत्मारामची. आणि हात पुढे केला की आईचा आवाज, “ता मुंबयचा हाय. हात लावू नको.” बरं, घरात दुसरं नव्हतं असं नाही, घरच्यांसाठी तुटकी साटं, फुटके गर वेगळे असायचे. पण दहा वर्षांच्या पोराला चव फुटक्याची लागत नाही, बंद दाराची लागते. गिरण्यांचा संप झाला, सदूदादाची गिरणी उघडलीच नाही, त्याची पत्रं थांबली, दोन वर्षं तो गणपतीलाही आला नाही. फडताळ भरतच राहिलं. आई गेली तेव्हा त्यात सहा बरण्या होत्या आणि आत्मारामनं त्या एकही न उघडता माडाच्या मुळाशी ओतल्या. बायको म्हणाली, अहो चांगलं आहे, खाऊ की. तो म्हणाला, मुंबईचं आहे.

तेव्हा त्या दिवशी यंत्रानं जागा विचारली आणि ह्या शहाण्या, अडतीस वर्षांच्या, यंत्र कळणाऱ्या एकमेव माणसाच्या आत कुणीतरी दात आवळून म्हणालं, वेगळी जागा कशाला? इथं घडलं, इथंच राहील. एवढंच. त्यानं चिपच्या नावाची डिरेक्टरी केली नाही; घरच्याच लायब्रऱ्यांची जागा लिहिली आणि बटण दाबलं. नावं सारखी असतील तर आपण पोटडिरेक्टरी करू, आधी बसू तर दे, असा एक लंगडा विचारही त्यानं वर चिकटवला. युनिक्स उलटून विचारत नाही. तुझ्या हातात अधिकार आहे म्हणजे तुला कळतंय, असं ते धरून चालतं. परक्या चिपचे तुकडे ओळीनं येऊन घरच्या तुकड्यांच्या जागी बसले आणि घरचे नाहीसे झाले. पडद्यावर एकही चूक उमटली नाही. सगळं झाल्यावर यंत्रानं पुढच्या आज्ञेसाठी खूण दाखवली, इतक्या सभ्यपणे की आत्मारामला बरं वाटलं. खरोखर बरं वाटलं. कितीतरी वर्षांनी काहीतरी पोटभर खाल्ल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी यंत्राला स्वतःचा एकही नवा प्रोग्राम बांधता येईना. जुने तयार होते ते चालत होते, म्हणून आधी कुणाला कळलं नाही. पण दाभोळच्या पेटीची चाचणी घेणारा प्रोग्राम इथं बांधायचा होता, आणि बांधायला घेतला की यंत्र म्हणे हे तुकडे माझे नाहीत. आत्मारामला एका मिनिटात कळलं. त्याचे कान गरम झाले, त्या थंड खोलीत. तो मालनला म्हणाला, “शनिवारची टेप काढ.” आणि म्हणता म्हणताच त्याला आठवलं. मालनलाही आठवलं. ती फक्त उभी राहिली.

टेपा दोनच होत्या, थाळीएवढ्या रिळांच्या. दर शनिवारी सगळ्या यंत्राची नक्कल एकीवर घ्यायची, पुढच्या शनिवारी दुसरीवर, हे मालनचं काम. ती बुरोंडीकडची, वडील बोटीवर गेलेले परत न आल्यावर आईला घेऊन रत्नागिरीत मांडवीला भाड्यानं राहिलेली, टायपिंगच्या परीक्षा देऊन इथं लागलेली. यंत्र तिला कळत नव्हतं असं आत्माराम म्हणायचा. पण श्रावणात एका टेपेला बुरशी धरली ते वासावरून तिनंच ओळखलं होतं. उरली एक. गणपतीनंतर पुण्याच्या मित्राचं पत्र आलं की कंपायलर आलाय, कोरी टेप घेऊन ये. कोरी टेप मुंबईहून मागवायची म्हणजे महिना. आत्मारामनं ती उरलेली टेप पिशवीत टाकली. “सर, ह्याच्यावर आपलं सगळं हाय,” मालन म्हणाली. “दुसरी तर गेल्ये. काय झालं मधल्यामधे तर?” तो म्हणाला, “दोन दिवसांचा प्रश्न. आल्या आल्या परत नक्कल घेऊ.” ती वही उघडत म्हणाली, “मग लिहून ठेवत्ये, टेप सरांनी नेली म्हणून.” तेव्हा तो हसला होता. “कशाला? मी सांगतोय ना!” आणि तिनं वही मिटली होती. एवढा विश्वास. ज्या टेपेवर घर जपून ठेवलेलं होतं, तिच्यावरच तो पुण्याहून परकं सामान भरून घेऊन आला. आणि आला तो नक्कल घ्यायला थांबलाच नाही. तिनं आठवण केली, “आधी टेप घ्यायची ना सर?” ते शब्द त्याला आत्ता, रिकाम्या खुर्चीकडे बघताना, तिच्या आवाजात जसेच्या तसे ऐकू आले. तो म्हणाला होता, “उद्या.”

आठ दिवस गेले. दाभोळवाला बर्फवाला तापट माणूस. हंगाम भरात आलेला, बोटी बर्फासाठी खोळंबणार. त्यानं ऑर्डर रद्द केली आणि वर आप्पांना फोनवर सुनावलं की काजू विकायचे ते विका. आप्पांनी त्या दुपारी आत्मारामला केबिनमध्ये बोलावलं. आवाज चढवला नाही. हिशेबी माणसाचा आवाज चढत नाही, बारीक होतो. “आत्माराम, मला त्यातलं काही कळत नाही. मला एवढंच सांग, नक्कल असती तर हे आठ दिवस गेले असते?” “नाही,” तो म्हणाला. “मग नक्कल का नव्हती?” खिडकीबाहेर जांभ्या दगडाची गाडी उतरत होती. ते दगड एकावर एक पडताना होणारा बसका आवाज तो ऐकत राहिला. त्याला वाटलं होतं की आपण सांगणार. तोंडही उघडलं होतं. ‘रत्नागिरीत हे यंत्र कळणारा एकमेव माणूस’ हे वाक्य आप्पांच्या तोंडून पुन्हा कधी येणार नाही, ही भीती त्याला नोकरी जाण्याच्या भीतीहून मोठी वाटली. ती खरोखरच मोठी होती. माणसं भाकरीसाठी जितकं खोटं वागतात त्याच्या दुप्पट मानासाठी वागतात. तो म्हणाला, “टेपांचं काम मालनकडे असतं.” वाक्य सोळा आणे खरं. ह्यात त्याला कुणी पकडू शकलं नसतं. आप्पा म्हणाले, “बरं. जा.” नंतरचे दिवस मालन येत होती, टायपिंग करत होती, त्याच्याशी कामापुरतं बोलत होती. त्याला वाटलं, मिटलं.

आणि आज सकाळी ती रेघ. दुपारी दोनला तो त्या थंड खोलीतून उठला आणि केबिनमध्ये गेला. आत गेल्यावर त्यानं दार लावून घेतलं. आप्पा पान लावत होते. “टेप मी नेली होती,” तो उभ्या उभ्याच म्हणाला. “पुण्याला. तिनं नको म्हटलं होतं. आणि लायब्ररी चुकीच्या जागी मीच टाकली. तिचा काही संबंध नाही.” एवढं बोलून झाल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं की डोळ्यात पाणी येतंय की काय असं झालं. आप्पांनी चुन्याचं बोट पानाला पुसलं. “बस,” ते म्हणाले. “मला ठाऊक आहे.”

“ठाऊक?”

“तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं. टेप सरांनी नेली म्हणाली. मी म्हटलं, मुली, वहीत तर तसं नाही. ती म्हणाली, वही राहू दे, सरांना विचारा, ते खोटं नाही बोलायचे. म्हणून तुला बोलावलं.” आप्पांनी मान वळवून केबिनच्या मागच्या प्लायवुडच्या आडोशाकडे बघितलं. “ती तिथंच होती, टाइपरायटरवर. मीच बसवली होती. म्हटलं, समोरासमोर नको, पण ऐकू दे.”

आत्मारामला त्या दुपारचा टाइपरायटर आठवेना. वाजत होता का थांबला होता? दगडांचा आवाज आठवत होता. त्यानं खुर्चीची पाठ धरली. “मग तुम्ही तिला का काढलंत?” हे त्यानं विचारलं खरं, पण विचारताना त्याचा आवाज एखाद्या पोरासारखा झाला. “काढू नको तर काय करू?” आप्पा शांतपणे म्हणाले. “दाभोळवाला गावभर सांगतोय. मला एक नाव पाहिजे होतं, आमच्याकडून चुकलं, माणूस काढला, असं म्हणायला. तू गेलास तर यंत्राला कुलूप. ती गेली तर दुसरी टायपिस्ट येते. तू त्या दिवशी खरं बोलला असतास तर मी दोघांनाही ठेवलं असतं, आणि दाभोळवाल्याच्या शिव्या खाल्ल्या असत्या. पण तूच नाव दिलंस. दिलेलं नाव मी घेतलं.” पान तोंडात गेलं. “आता ते दार उघड. गरम होतंय.”

संध्याकाळी तो मांडवीकडे चालत निघाला. वाटेत त्यानं वाक्यं जुळवली. मी आप्पांना सगळं सांगितलं. माझी चूक मी कबूल केली. दुसरीकडे नोकरी बघतो तुझ्यासाठी. प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला ‘मी’ येत होता आणि तो कितीही फिरवला तरी जाईना. समुद्रावरून खारट, चिकट वारा येत होता, सुकत घातलेल्या मासळीचा वास होता. त्याला हेही दिसत होतं की आपण चाललोय ते तिच्यासाठी नाही. दुपारी जे हलकं वाटलं होतं आणि आप्पांनी एका वाक्यात काढून घेतलं होतं, ते परत मिळवायला चाललोय. कळत होतं तरी पाय चालतच होते. कळण्याचा असा काही उपयोग असतो ही माणसाची समजूत फुकटची आहे.

मालन दारातच तांदूळ निवडत बसली होती. पलीकडच्या ओट्यावर शेजारच्या तीनचार बायका जाळं पसरून त्याची भोकं सांधत होत्या. त्याला बघून ती उठली. चेहरा तसाच, ऑफिसातला. “काय सर?” तो जवळ गेला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “मालन, मी आज आप्पांना सगळं सांगितलं. टेपेचं. माझंच होतं ते.”

“कधी?”

“दुपारी.”

“अजून कोण होतं?”

“कोणी नाही. दार लावून बोललो.”

तिनं सूप खाली ठेवलं. “माजं नाव घेतलंत तेव्हा दार उघडं होतं,” ती म्हणाली. रागावून नाही, चुकलेलं टायपिंग दाखवावं तशी. “मी त्या आडोशामागं होत्ये. रघू भायेर वायरी ओढत होता, त्यानंबी ऐकलं. त्यानं घरी सांगितलं, त्याच्या बायकोनं हिकडं. माज्या आयेला ती पलीकडची बाय विचारते, तुमच्या पोरीनं शेट्येंचं लाखाचं नुकसान केलंन म्हणं. आये आठ दिस पाण्याला जात नाय विहिरीवर. मी सांगत्ये तिला, आये, मी नाय केलं. ती म्हणते, एवढा शिकलेला माणूस खोटं सांगेल होय?” ती थांबली. “मला नोकरी नको तुमची. दाराच्या आत जे बोललात ना, ते हितं बोला. आयेसमोर. ह्या बायांसमोर. मोठ्यानं. एकदाच.”

तो “हो” म्हणाला. त्याला ते करायचं होतं, ह्यात शंका नको. ह्याहून सोपं प्रायश्चित्त कुणाला मिळतं? चार वाक्यं, तीही खरी. मालननं आत तोंड करून हाक मारली, “आये, ये भायेर. नागवेकर सर आलेत. तुला सांगायचं हाय त्यांना काय.” पलीकडे जाळ्यावरचे हात थांबले. बायका उघड उघड इकडे बघायला लागल्या.

आनंदीबाई लगबगीनं बाहेर आल्या. बारीक, वाळलेल्या, हात पदराला पुसत. दारात साहेब उभा बघून त्यांनी पदर डोक्यावर ओढला, मुलीला बाजूला सारलं आणि तो तोंड उघडायच्या आत त्या वाकल्या, थेट पायाशी. “सायेब, तुमी घरापर्यंत आलात, लई उपकार झाले,” त्या मोठ्यानं म्हणाल्या, सगळ्या आळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. “बापावेगळी पोर हाय. तिच्यानं चूक झाली, तेवडी पदरात घ्या. शेटना सांगा, पुन्यांदा ठेवा म्हणून. तुमचा सबूद ते मोडायचे नायत.”

“आये!” मालन म्हणाली.

“तू गप ऱ्हा. सायेब मोठ्या मनाचे हायत म्हणून आले.”

पलीकडच्या बायका माना डोलवत होत्या. एक म्हणाली, होय बाई, कोण येतंय हल्ली. आत्मारामच्या पायांवर त्या म्हातारीचे हात होते, खरखरीत, मासळीच्या खवल्यांचे ओले हात. त्यानं त्यांना खांद्याला धरून उठवलं. ती चार वाक्यं जिभेवर होती. त्यातलं पहिलं म्हणायचं, एवढंच होतं. मालन त्याच्या तोंडाकडे बघत होती आणि तिच्या नजरेत अजूनही, अजूनही तो खोटं बोलायचा नाही असं काहीतरी होतं.

“असू दे हो, आनंदीबाई,” तो म्हणाला. “होतं माणसाच्या हातून. मी बोलतो आप्पांशी.”

बायकांचे हात पुन्हा जाळ्यावर चालायला लागले. म्हातारीनं डोळे टिपले आणि म्हणाली, “बसा, बसा. मालन, सायबांना चाय कर.” मालननं खाली ठेवलेलं सूप उचललं. मग ती आत गेली आणि स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. चहा आला तेव्हा कपाला बशी होती, आणि तो तिनं दोन्ही हातांनी पुढे केला, आईसमोर करायचा तसा. त्यानं तो घेतला. चहा फार गरम होता आणि म्हातारी समोर बसून बघत होती, म्हणून त्याला तो शेवटच्या घोटापर्यंत प्यावा लागला.